चष्म्याचं कव्हर वर जाताना निमुळतं का होतं? क्रोशाचे हरवलेले टाके शोधताना

"खाली वीस हैत, वर चौदा. सहा कुठं गेले गं?"

मी अप्पांसाठी क्रोशानं विणलेलं पहिलं कव्हर त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी विचारलेला हा प्रश्न. आमचे अप्पा चौतीस वर्षं यंत्रमागावर होते, टॉवेलच्या कारखान्यात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सूत मोजायचं ते घडीचं छोटं भिंग अजून त्यांच्या कपाटात असतं. आमच्याकडे त्याला पिक ग्लास म्हणतात. कुणाचं लग्नातलं उपरणं असो की दुकानातली चादर, भिंग लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझ्या कव्हरवरही ते भिंग सरकवत सरकवत फिरलं. चष्मा घालायला गेले तर अर्धा आत गेला आणि अडकला.

क्रोशे शिकणाऱ्या बहुतेक सगळ्यांचं हेच होतं. सुरुवात वीस टाक्यांनी होते, आयत करायचा असतो आणि हातात येतो तो उलटा ठेवलेला फुलपात्राचा आकार. उसवून पुन्हा विणलं की पुन्हा तेच. माझी दोन कव्हरं बिघडली, आणि दोन्ही वेळा कारण वेगळं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मी काय विणत होते ते सांगते, म्हणजे मापं कळतील. वडिलांना मफलर द्यायचा असं सगळे म्हणतात, पण सोलापुरात मफलर गड्डा यात्रेच्या (संक्रांतीच्या सुमाराला भरणाऱ्या इथल्या जत्रेच्या) आसपास थोडे दिवस सकाळी बाहेर निघतो आणि संक्रांत झाली की पेटीत जातो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. लोकर हातात धरवत नाही, गळ्यात कुठली घालणार! अप्पांचा चष्मा मात्र बारा महिने शर्टाच्या खिशात, किल्ल्यांच्या शेजारी असतो, आणि काचेवर ओरखडे. म्हणून सुती दोऱ्याचं कव्हर. 9 सेंटीमीटर रुंद, 38 सेंटीमीटर लांब अशी एकच सरळ पट्टी विणायची. तिच्या दोन घड्या करून बाजू शिवायच्या, उरलेल्या 5 सेंटीमीटरची वर झडप. 3 मिलिमीटरची सुई, चार पदरी सुती दोरा, 21 साखळ्या, सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब (क्रोशाचा साधा, बुटका टाका), म्हणजे ओळीत 20 मुके खांब. अशा साधारण नव्वद ओळी. 50 ग्रॅमच्या एका गुंडीत आरामात होतं. याहून सोपं विणकाम नाही, आणि म्हणूनच चूक लपायलाही जागा नाही.

उसवण्याआधी तिरकेपणा बघा

विणकाम बिघडलं की आपण रागानं दोरा ओढतो. थांबा. टेबलावर सपाट पसरा आणि ते कसं वाकडं झालंय ते नीट बघा, कारण वाकडेपणाच सांगतो की चूक कुठं झाली.

मी अप्पांचं ऐकून असं केलं. कव्हरचा उजवा काठ जवळजवळ सरळ होता, डावा मात्र आत आत गेलेला. ते म्हणाले, "धोटा जाताना चुकलालाय की येताना, ते बघ आधी." मागावर आडवं सूत नेणारा धोटा एकदा इकडून तिकडे जातो, एकदा तिकडून इकडे येतो. काठ एकाच बाजूला बिघडत असेल तर कारागीर त्या बाजूकडे जातो, अख्खा माग उघडून बसत नाही. क्रोशातही ओळ जाते आणि येते. काम उलटवून आपण परत फिरतो. त्यामुळे एका बाजूच्या काठावर एक आड एक ओळ सुरू होते आणि मधल्या ओळी संपतात.

म्हणून दोन्ही काठ सारखेच आत येत असतील तर चूक जाता-येता दोन्ही वेळा होतेय. एकच काठ आत येत असेल तर ती फक्त सुलट ओळींत किंवा फक्त उलट ओळींत होतेय. माझी उलट ओळींत होत होती. मी एकेक ओळ उसवत गेले आणि जिथं टाका कमी झालेला सापडला तो ओळीचा आकडा कागदावर लिहीत गेले. सहाच्या सहा चुका सम आकड्याच्या ओळींत निघाल्या. मागच्या बाजूनं मुका खांब दिसतो वेगळा, आडव्या गाठीसारखा, आणि माझा डोळा तिथं शेवटचा टाका सोडून देत होता. तेही रोज नाही. नव्वद ओळींत सहा वेळा, म्हणजे फोन आला असेल किंवा कुकरची शिट्टी मोजत असेन तेव्हा. प्रत्येक ओळीत होणारी चूक चार ओळींत दिसते, अधूनमधून होणारी चूक चाळिसाव्या ओळीला दिसते. वैताग दुसरीचाच.

आणखी एक प्रकार आहे, तो फसवा. टाके मोजले तर बरोबर वीस, पट्टीही सरळ, पण काठ करवतीसारखा खाचाखाचांचा. याचा अर्थ तुम्ही ओळीच्या सुरुवातीला एक टाका सोडताय आणि शेवटी वळणाच्या साखळीत (काम उलटवताना घेतलेल्या जादा साखळीत) एक जादा घालताय. एक गेला, एक आला, हिशेब जुळला. पुढच्या ओळीत तेच उलट्या बाजूनं होतं, म्हणून पट्टी तिरकी होत नाही. काही जणी मुद्दाम असं विणतात. कव्हरची बाजू शिवायची असेल तर मात्र त्या खाचा त्रास देतात.

पहिला टाका आणि शेवटचा टाका

मुक्या खांबाच्या ओळीत वळणासाठी एक साखळी घेतो. ही साखळी टाका म्हणून मोजायची नाही. ती फक्त सुई वरच्या ओळीच्या उंचीला नेते. काम उलटवलं की पहिला मुका खांब त्या साखळीच्या बुडाशीच असलेल्या टाक्यात घालायचा. घोळ इथंच होतो. तो टाका साखळीनं ओढला जाऊन आवळलेला असतो, सुई सहज शिरत नाही, आणि शेजारचा दुसरा टाका मोकळा, तोंड उघडून बसलेला. नवशिक्या हात आपोआप दुसऱ्याकडे जातो.

शेवटच्या टाक्याचं उलट. तो काठावर आडवा कलतो, त्याचा माथा बारीक आणि पिळलेला दिसतो. वाटतं, झाली ओळ. झालेली नसते. त्याच्यापलीकडे मागच्या ओळीची वळणाची साखळी असते. तिच्यात मात्र घालायचं नाही, घातलं तर पट्टी रुंद होत जाते. म्हणजे एक टाका आधी थांबलात तर निमुळतं, एक टाका पुढे गेलात तर पसरट.

डोळ्यावर भरवसा न ठेवता सेफ्टी पिन वापरा. ओळीतला पहिला मुका खांब झाला की लगेच त्याच्या माथ्यात पिन लावायची. परतीच्या ओळीत तोच टाका शेवटचा ठरणार आहे. तिथं पोचलात की पिन काढून त्याच छिद्रात टाका घालायचा. दोन पिना आळीपाळीनं पुरतात. विणकामाच्या दुकानात याच्यासाठी रंगीत प्लास्टिकचे मार्कर मिळतात, पण आईच्या बांगडीत अडकवलेल्या पिनांपेक्षा त्यांत जास्त काही नाही. (टोकदार पिन दोऱ्याच्या पदरातून घालू नका, टाक्याच्या फटीतून घाला.)

शिवाय दर ओळीला मोजणी. कंटाळा येतो, हे मान्य. पहिल्या दहा ओळी तरी मोजा, नंतर दर चौथ्या ओळीला. मोजायचं ते माथ्यावरच्या वेणीत. एक टाका म्हणजे वेणीचं एक पान, पान म्हणजे दोन दोरे. सुई या दोन्ही दोऱ्यांखालून गेली पाहिजे. एकाच दोऱ्यात घालत राहिलात तर टाके कमी होत नाहीत, पण कापडावर पन्हाळ्या पडतात आणि कव्हर लांबीला ताणलं जातं. ओळी मोजायच्या असतील तर बाजूनं बघा. उलटसुलट विणलेल्या मुक्या खांबात दोन ओळींची मिळून एक उंच रेघ दिसते. रेघा मोजा, दुप्पट करा.

टाके वीसच, तरी रुंदी कमी

दुसऱ्या कव्हरच्या वेळी मी पिना लावल्या, मोजलं, प्रत्येक ओळीत वीसच्या वीस. तरी खालून 9 सेंटीमीटर आणि वरून 8. मला रडूच यायचं बाकी होतं. अप्पांना मात्र या वेळी मजा वाटली, कारण हा आजार त्यांच्या ओळखीचा होता.

मागावर बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत प्रत्येक फेरीला कापडाला थोडं आत ओढत असतं. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजून भरलेले असतात, एकही हरवलेला नसतो, तरी कापड आक्रसतं. म्हणून मागाच्या दोन्ही बाजूंना टेंपल लावतात. त्याचे बारीक काटे कापडाचे काठ बाहेर धरून ठेवतात. "तुझ्याकडं टेंपल नाही," अप्पा म्हणाले, "तुझं बोटच टेंपल."

बोटाचा ताण का वाढतो, ते शोधायला मला दोन दिवस लागले. एक कारण सुईवर होतं. क्रोशाच्या सुईला आकड्याखाली बारीक मान असते आणि त्याखाली पूर्ण जाडीची दांडी. सुईचं जे माप छापलेलं असतं ते दांडीचं. ओढलेला फास दांडीपर्यंत आणला तरच टाका 3 मिलिमीटरच्या मापाचा होतो. हात बसला, वेग वाढला, की आपण फास मानेवरच ठेवून पुढचा टाका ओढतो. टाका बारीक होतो. सुरुवातीच्या ओळी जपून विणलेल्या असतात म्हणून रुंद, नंतरच्या सफाईनं विणलेल्या म्हणून अरुंद! शिकाऊ माणसाला हे सांगितलं तर खोटं वाटतं.

दुसरं कारण मे महिना. दुपारी पंख्याखाली बसून विणलं की तळहात घामेजतो, सुती दोरा बोटावरून सरकत नाही, चिकटत चिकटत येतो, आणि ओढ वाढते. मी दुपारचं विणणं बंद केलं. सकाळी अंगणात बसते, शेजारी हात पुसायला नॅपकिन. टॉवेलच्या गावात नॅपकिनला काय तोटा?

आणि उपाय म्हणून एक पुठ्ठा. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा बरोबर 9 सेंटीमीटरचा कापून घ्या आणि दर दहा ओळींनी विणकामावर ठेवून बघा. टेप लावली की आपण नकळत कापड ताणून माप जुळवतो. पुठ्ठ्यापुढं ती लबाडी चालत नाही.

याच्या उलटही होतं. खालचा काठ आवळलेला आणि वर पट्टी फुगलेली. तेव्हा दोष पायाच्या साखळ्यांचा. पाया घट्ट झालाय. पहिल्या 21 साखळ्या अर्ध्या मिलिमीटरनं मोठ्या, म्हणजे साडेतीनच्या सुईनं घाला आणि पहिल्या ओळीपासून 3 ची सुई घ्या.

मधेच गुंडी बदलली असेल तर तिचा आकडाही बघा. बारीक लेसच्या दोऱ्यावर 20, 40 असे आकडे असतात, आणि मोठा आकडा म्हणजे बारीक दोरा. हे उलटं का, असं मी विचारल्यावर अप्पांनी काउंटचा धडाच दिला. एक पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा काउंट. सूत बारीक तितक्या लडी जास्त, म्हणून आकडा मोठा. बारीक पोलादी सुयांच्या नंबरांचंही तसंच, नंबर मोठा तर सुई बारीक. मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या सुयांचं मात्र सरळ आहे. दुकानात "तीन नंबर द्या" म्हणू नका, "तीन मिलिमीटर द्या" म्हणा.

खांब विणत असाल तर

शेजारच्या मुलीनं माझं बघून तिच्या पप्पांसाठी मोबाइलचं कव्हर घेतलं, पण लवकर व्हावं म्हणून खांबानं, म्हणजे मुक्या खांबाहून उंच टाक्यानं. तिचं दर ओळीला एक टाक्यानं कमी होत गेलं. खांबाचा नियम मुक्या खांबाच्या नेमका उलट आहे, आणि दोन्ही एकदम शिकणाऱ्याचं डोकं इथंच फिरतं. खांबाच्या ओळीत वळणाला तीन साखळ्या घेतात आणि त्या पहिला खांब म्हणून मोजतात. त्यामुळे बुडाशीचा टाका सोडून दुसऱ्या टाक्यापासून विणायचं. आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या माथ्यात, वरून पहिल्या साखळीत, शेवटचा खांब घालायचा. ती तो घालत नव्हती. तिला ती साखळी टाका वाटतच नव्हती. वीस खांब हवे असतील तर पायाला 22 साखळ्या आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी अजून एक तपासावं. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकेचा डबल तो ब्रिटनचा ट्रेबल. नावावर जाऊ नका, सुईवरचे फास मोजा. दोरा आत घालून ओढल्यावर सुईवर दोन फास असतील आणि एकदाच ओढून टाका संपत असेल तर तो आपला मुका खांब. आधी दोऱ्याचा वेढा घेतलेला असेल, तीन फास दिसत असतील आणि दोन-दोन करून दोनदा ओढायचं असेल तर तो खांब.

बिघडलेलं वाचवता येतं का?

एखाद-दुसरा टाका कमी झाला असेल तर हो. पट्टीच्या चारी बाजूंनी मुक्या खांबाची एक ओळ फिरवा, कोपऱ्यात तीन-तीन टाके घाला, काठ बऱ्यापैकी झाकला जातो. तीनपेक्षा जास्त गेले असतील तर माझ्या मते उसवावंच. पाण्यात भिजवून, ताणून, पिना लावून वाळवलं की आकार येतो असं सांगतात, आणि ताणामुळे वाकलेलं विणकाम त्यानं खरंच सरळ होतं. माझं दुसरं कव्हर ओल्या अंगानं सोलापुरी टॉवेलवर पिना टोचून रात्रभर ठेवलं, तर अर्धा सेंटीमीटर परत मिळाला. पण हरवलेले टाके पाण्यानं उगवत नाहीत. पहिलं कव्हर मी उसवलं नाही. घरात किल्ल्या ठेवायला अशी निमुळती पिशवी बरी पडते.

सुती दोरा पहिल्या धुण्यात थोडा आटतो, हेही ध्यानात ठेवा. तळहाताएवढा नमुना विणून, मोजून, धुऊन, पुन्हा मोजला की किती आटतो ते कळतं. गडद रंग असेल तर रंग जातो का तेही त्याच बादलीत दिसतं.

तिसरं कव्हर मी जूनमध्ये पूर्ण केलं. पिना, पुठ्ठा, सकाळची वेळ, सगळं पाळून. वर वीस, खाली वीस, दोन्हीकडं 9 सेंटीमीटर. अप्पांनी भिंग लावलं, काठावरून एकदा बोट फिरवलं आणि काही बोललेच नाहीत. खिशातून चष्मा काढून आत सरकवला. गेला. झडप खाली आणली, तर बटणाचा फास बटणापासून दोन बोटं वर!

मापं मी सपाट पट्टीवर घेतली होती. चष्मा पोटात गेल्यावर कव्हर फुगतं आणि झडप वर ओढली जाते, हे ध्यानातच आलं नाही. तेव्हा झडपेचं माप चष्मा आत ठेवूनच घ्या, आणि शेवटचा दोरा लगेच बारीक कापू नका, हातभर राखा. माझा राखलेला होता म्हणून निभावलं. गाठ सोडली, फास उसवला, आठ ओळी वाढवल्या आणि बटण जेमतेम शिरेल एवढाच नवा फास घातला, कारण तो वापरून सैल होतोच. या आठ ओळी विणताना मला पिनांची गरज पडली नाही. अप्पा शेजारी भिंग घेऊन बसले होते आणि दर ओळीला माझ्याआधी मोजून "वीस" म्हणत होते.